रुपयामागे एक पैसा

सांताक्रूझ स्टेशनला उतरून जुहूकडे जाताना एसएनडीटीचा मोठा कॅम्पस लागतो. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, कुठून कुठून मुली तिथे शिकायला येतात. तुमची एखादी मैत्रीणही असेल. हे विद्यापीठ ज्यांनी सुरू केलं ते धोंडो केशव कर्वे म्हणजेच अण्णा, महर्षी कर्वे. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर धडा असतो आणि परीक्षा झाली की आपण तो विसरतो. पण त्यांची एक सवय मात्र खास आपल्या कामाची आहे. ती त्यांना लागली कॉलेजात असताना, याच मुंबईत.

अण्णांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा, कोकणातल्या शेरवलीचा. वाढले मुरुडला. घरी पैसा बेताचाच. सतरा वर्षांचे असताना एका परीक्षेसाठी ते मुरुडहून साताऱ्याला चक्क चालत गेले. शंभराहून जास्त मैल, डोंगर-घाट ओलांडून. तिथे गेल्यावर काय झालं, तर वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही! मग पुन्हा तयारी, पुन्हा अभ्यास. मॅट्रिक झाले तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यानंतर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेज आणि 1884 मध्ये गणित घेऊन बी.ए.

खर्च भागवायला ते शिकवण्या करायचे. तेव्हाच त्यांनी एक नियम केला. जे काही मिळेल त्यातला रुपयामागे एक पैसा बाजूला काढायचा आणि तो चांगल्या कामालाच द्यायचा. तेव्हा रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयात चौसष्ट पैसे. चौसष्टातला एक! इतका छोटा हिस्सा की त्यावाचून काही अडत नाही. पण तो नियमाने काढायचा म्हणजे मनाला शिस्त हवी. उरलं तर देऊ असं म्हणणाऱ्याकडे महिनाअखेर काय उरतं, हे तुम्हा-आम्हाला चांगलंच ठाऊक आहे.

पुढे 1891 मध्ये ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला गेले. पहिल्या पत्नी राधाबाई त्याच वर्षी वारल्या होत्या. 1893 मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. याच पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. त्या काळात हे केवढं धाडस! मुरुडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. अण्णा मागे हटले नाहीत. 1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, 1900 मध्ये तो हिंगण्याला एका झोपडीत नेला. कॉलेज सुटलं की पुण्याहून सामान घेऊन हिंगण्याला चालत जायचं, मुलींना शिकवायचं आणि चालतच परत यायचं. पावसाळ्यात चिखल तुडवत. टांग्याचे पैसे वाचले की तेवढेच आश्रमाला.

इथपर्यंत वाचून वाटतं, वा, काय माणूस! पण आता थोडं थांबा. चौसष्टातला एक पैसा वाढत वाढत घरापर्यंत पोचला. साठवलेले पैसे आश्रमाला गेले. मग अण्णांनी आपल्या विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून टाकली. बाया नाराज झाल्या, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? पदरी मुलं होती, उद्याची काळजी होती. स्वतःचा चहा सोडणं वेगळं आणि घरच्यांचा आधार देऊन टाकणं वेगळं. तरी बाया बाजूला झाल्या नाहीत. त्यांनी संसार ओढला आणि संस्थेसाठी वर्गणीही गोळा केली. महर्षींच्या त्यागात अर्धा वाटा बायांचा आहे. अण्णांची गोष्ट सांगताना तो गाळायचा नाही.

1916 मध्ये महिला विद्यापीठ सुरू झालं तेव्हा विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव मिळालं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, झालं आपलं काम. अण्णा मात्र 1936 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, पुन्हा वर्गणी मागायला बाहेर पडले. ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तिथल्या मुलांना लिहा-वाचायला कोण शिकवणार? त्यासाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. पेन्शन तुटपुंजी, तरी त्यातला हिस्सा आधी बाजूला ठेवला आणि मगच दुसऱ्यांपुढे हात पसरला. दारोदार, दुकानोदुकानी फिरून जमवलेल्या चिल्लरीतून खेड्यांत चाळीसएक शाळा उभ्या राहिल्या. 1958 मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळालं. 9 नोव्हेंबर 1962 रोजी ते गेले.

आता तुमचा हिशेब करू. समजा महिन्याला हातात दोन हजार येतात. चौसष्टावा हिस्सा म्हणजे एकतीस रुपये. एखाद्या दिवशी कॅन्टीनची कॉफी नाही घेतली, स्टेशनपासून रिक्षाऐवजी चालत गेलात, की निघाले! एकतीस रुपयांत काय होतं, असं वाटेल. तुमच्या ग्रुपमधल्या वीस जणांनी काढले तर महिन्याला सव्वासहाशे होतात. तुमच्या कॉलेजच्या मागच्याच वस्तीत अशी मुलं असतील, ज्यांच्या घरी शाळेच्या पुस्तकाशिवाय दुसरं पुस्तकच नाही. त्यांच्यासाठी दर महिन्याला गोष्टींची चार-पाच पुस्तकं येतील. वर्षभरात एक छोटं कपाट भरेल.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. पैसा स्वतःच्या चैनीतला काढा, आईकडून जास्तीचा मागून नको. आणि तो महिन्याच्या पहिल्या तारखेलाच काढा.