बॅरिस्टर नाथ पै : स्वातंत्र्य, संयम आणि लोकसत्ता

आपल्या बांद्याच्या परिसराने स्वातंत्र्याची किंमत जवळून पाहिली आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीचे सत्याग्रही येथूनच पत्रादेवीच्या सीमेकडे गेले आणि निःशस्त्र असूनही पोर्तुगीजांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५७ साली, या प्रदेशाने राजापूर मतदारसंघातून जो तरुण बॅरिस्टर लोकसभेत धाडला, तो याच मातीतला होता.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ले येथे झाला. १९४२ च्या लढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला. पुढे लंडनला कायद्याचे शिक्षण घेत असता ते समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. परदेशात मानाचे स्थान मिळूनही त्यांनी आपले कार्यक्षेत्र म्हणून निवडले ते रेल्वे नसलेले, मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर जगणारे कोकण. १९६२ व १९६७ मध्येही मतदारांनी त्यांनाच कौल दिला. प्रजा समाजवादी पक्ष लहान होता. परंतु नाथ पै बोलावयास उभे राहिले की सभागृह कान देऊन ऐके. प्रतिपक्षावर कठोर टीका करतानाही त्यांनी सभ्यतेची मर्यादा सोडली नाही. मतभेद म्हणजे वैर नव्हे, ही त्यांची धारणा होती.

त्यांच्या विचारांची खरी कसोटी लागली ती १९६७ साली. गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमताने निर्णय दिला की, संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही. नाथ पैंनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये खासगी विधेयक मांडून संसदेचा हा अधिकार पुन्हा प्रस्थापित करण्याचा प्रयत्न केला. अनेकांना आश्चर्य वाटले. ज्याने स्वतः कारावास सोसला, त्याने नागरिकांच्या हक्कांना हात लावण्याची मुभा का मागावी? स्वतंत्र पक्षाने विरोध केलाच. समाजवादी चळवळीतील काही सहकाऱ्यांनाही हे पटले नाही.

नाथ पैंची भूमिका मात्र स्पष्ट होती. हक्क न्यायासनाने बहाल केलेले नसतात, ते जनतेने झगडून मिळविलेले असतात. म्हणून त्यांचे अंतिम रक्षण जागृत जनतेनेच करावयाचे. एका पिढीने लिहिलेल्या शब्दांनी पुढच्या पिढ्यांचे हात कायमचे बांधणे त्यांना स्वराज्याशी विसंगत वाटे. जमीन व संपत्तीची विषमता दूर करण्याचा मार्ग त्यामुळे अडेल, हीही चिंता त्यामागे होती. हा सारा युक्तिवाद लोकप्रतिनिधींच्या सद्सद्विवेकावर उभा होता, आणि त्याचे मर्मस्थान तेच होते. पुढे आणीबाणीत, १९७६ साली, बहुमताच्या बळावर राज्यघटना कशी वाकविता येते हे देशाने पाहिले. विरोधकांचे भय अनाठायी नव्हते, हे मान्य करावयास हवे. नाथ पैंच्या हेतूविषयी मात्र त्या काळीही कोणी शंका घेतल्याचे दिसत नाही.

विधेयक त्यांच्या हयातीत संमत झाले नाही. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली. हृदयविकाराने शरीर थकले असतानाही ते सीमाभागातील हुतात्म्यांच्या स्मृतिदिनासाठी बेळगावला गेले. तेथेच १८ जानेवारी १९७१ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने त्यांना अभिप्रेत असलेला अधिकार संसदेला मिळाला. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने तो मान्य केला, परंतु राज्यघटनेच्या मूळ चौकटीला धक्का लावता येणार नाही, अशी सीमाही आखून दिली. राजापूरची जागा १९७१ च्या निवडणुकीत प्रा. मधु दंडवते यांनी जिंकली आणि पुढील वीस वर्षे राखली. कोकणात रेल्वे यावी हा नाथ पैंचा आग्रह त्यांनी पुढे चालविला. ती गाडी १९९८ साली सावंतवाडीवरून गोव्याकडे धावू लागली.