बेडकांना चड्डी घालणारा शास्त्रज्ञ : लाझारो स्पालान्झानी

शुक्राणूंना नॅनोकणांची जोड देऊन प्राण्यांच्या भ्रूणात नवं जनुक पोहोचवण्याचे प्रयोग आज होत आहेत. पण शुक्राणूचं नेमकं काम काय, हेच १८व्या शतकात कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या सर्वात जवळ पोहोचला एक इटालियन धर्मगुरू.

लाझारो स्पालान्झानी यांचा जन्म १७२९ मध्ये स्कँडियानो इथे झाला. १७६९ पासून ते पाविया विद्यापीठात शिकवत. त्यांनी नर बेडकांना रेशमी कापडाच्या तंग चड्ड्या घातल्या. मादीने घातलेली अंडी फळली नाहीत. चड्डीत साचलेलं वीर्य लावल्यावर मात्र फळली. पुढे त्यांनी पिचकारीने वीर्य सोडून एका कुत्रीला गाभण केलं. ६२ दिवसांनी तिला तीन पिल्लं झाली.

दुसऱ्या प्रयोगात त्यांनी बेडकाचं वीर्य कागदातून गाळलं. खाली आलेल्या पाण्याने अंडी फळेनात, कागदावरच्या गाळाने फळली. शुक्राणू त्या गाळातच होते! पण जीव अंड्यात आधीपासूनच तयार असतो, अशी स्पालान्झानींची पक्की समजूत होती. शुक्राणू त्यांना वीर्यातले उपरे जीवच वाटत राहिले.

१७९९ मध्ये त्यांचं निधन झालं. शुक्राणू आणि अंड्याची केंद्रकं एकत्र येतात, हे कळायला १८७० चं दशक उजाडलं. उत्तर मात्र त्यांच्या गाळणीच्या कागदावर आधीच होतं.