विश्लेषण : इतिहासाचार्य राजवाडे जुने कागद शोधत गावोगाव का फिरले?

पनवेल तालुक्यातील बेलपाडा आज नवी मुंबई मेट्रोचे एक स्थानक म्हणून अनेकांना माहीत आहे. मूळ गावाचे नाव निदान पाटीवर तरी टिकले. पण गावाचा इतिहास कोण सांगणार आणि कशाच्या आधारे? हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी शेजारच्या पेण तालुक्यात जन्मलेल्या एका संशोधकाने आयुष्यभराचे काम म्हणून हाती घेतला. ते होते इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. त्यांनी नेमके काय केले आणि त्याचा आज आपल्याशी काय संबंध, ते जाणून घेऊ या.

कोण होते राजवाडे?

राजवाडे यांचा जन्म २४ जून १८६३ रोजी वरसई येथे झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले. पुढचे शिक्षण पुण्यात झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून त्यांनी बी. ए. केले. काही काळ शिक्षकाची नोकरी केली, पण ते तिथे रमले नाहीत. पत्नीचे तरुणपणीच निधन झाले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

१८९४ मध्ये त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक सुरू केले. जगातील उत्तम ग्रंथ मराठीत आणणे हा त्याचा उद्देश होता. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चे भाषांतर त्यांनी स्वतः केले. मासिक सुमारे तीन वर्षांत बंद पडले. इंग्रजी उत्तम येत असूनही त्यांनी आपले संशोधन मराठीतच लिहिले.

कागदांचा शोध कसा सुरू झाला?

त्या काळी मराठ्यांच्या इतिहासासाठी ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याचा १८२६ चा ग्रंथ प्रमाण मानला जाई. त्याच्या जोडीला बखरी होत्या, पण अनेक बखरी घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेल्या होत्या. अशा वेळी वाई येथे राजवाड्यांना अठराव्या शतकातील मूळ पत्रे मिळाली. ती पानिपतपूर्व काळातील आणि पानिपतच्या मोहिमेतील होती.

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. ही पत्रे त्या धामधुमीतच लिहिलेली. कोण कुठे होते, पैसे कुठे अडले, निरोप कधी पोहोचला, हे त्यांतून कळत होते. ऐकीव हकिकत आणि तारखेसह लिहिलेला कागद यांतला फरक राजवाड्यांनी ओळखला. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. पुढे खंडांची संख्या २२ वर गेली.

‘साधने’ म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचे तर साधन म्हणजे मूळ डेटा. पत्रे, सनदा, महजर (वादाच्या निवाड्याचे कागद), हिशेब, वंशावळी, ताम्रपट, शिलालेख हे सगळे त्यात येते. यातील बरेच कागद मोडी लिपीत असतात. मोडी व्यवहारातून गेल्यावर घरोघरचे कागद वाचणारे कमी झाले. मग माळ्यावरच्या पेटीतील रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली दप्तरे, वाळवीच्या नाही तर रद्दीवाल्याच्या हाती जाऊ लागली.

राजवाडे हे रुमाल शोधत महाराष्ट्रभर फिरले. पदरी मोठा पगार नाही, सरकारी आधार नाही. जुन्या घराण्यांची मनधरणी करायची, कागद पाहायचे, नकला करायच्या आणि छापायचे, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालला. बीड जिल्ह्यातील पाटांगण येथे त्यांना ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली. ती ‘राजवाडे प्रत’ म्हणून ओळखली जाते. उत्तर कोकणाची माहिती देणारी ‘महिकावतीची बखर’ त्यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केली.

मंडळ कशासाठी काढले?

एकट्या माणसाला हे काम झेपणारे नव्हते. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. कामाची पद्धत साधी होती. सभासदाने सापडलेला कागद सभेत आणायचा, तो वाचून दाखवायचा, त्यावर इतरांनी शंका काढायच्या आणि मग तो टिपणासह छापायचा. कागद छापला की त्याच्या प्रती अनेक ठिकाणी पोहोचतात. मूळ कागद जळाला किंवा हरवला तरी मजकूर उरतो. आजच्या भाषेत हा बॅकअपच.

राजवाड्यांवर टीका का झाली?

राजवाड्यांचे सगळेच निष्कर्ष टिकले नाहीत. त्यांच्या अनेक व्युत्पत्ती पुढच्या अभ्यासकांनी नाकारल्या. जातींविषयीची त्यांची मते पक्षपाती होती. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाविषयी त्यांनी केलेल्या लिखाणाला प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून उत्तर दिले. प्रबोधनकार जन्माने पनवेलचे. म्हणजे वाद घालणारे दोघेही याच पट्ट्यातले.

राजवाड्यांचा स्वभावही तापट होता. स्वतः स्थापन केलेल्या मंडळाशीही त्यांचे बिनसले. अखेरच्या काळात ते धुळ्यात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांनी जमवलेला संग्रह सांभाळण्यासाठी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. पुण्याचे मंडळही त्यांच्याशिवाय चालत राहिले. त्यांची मते पटोत वा न पटोत, त्यांनी छापलेली पत्रे आजही तपासता येतात. मूळ कागद खुला असेल तर खुद्द संशोधकाचीही चूक पकडता येते.

वरसईचे दुसरे उदाहरण कोणते?

१८५७ च्या उठावाची प्रत्यक्ष पाहिलेली हकिकत सांगणारे ‘माझा प्रवास’चे लेखक विष्णुभट गोडसे हेही वरसईचेच. त्यांचे हस्तलिखित चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले, पण त्यात फेरफार करून. मूळ हस्तलिखित मात्र पुढे वैद्यांनी मंडळाकडे दिले. त्यामुळेच दत्तो वामन पोतदार यांना १९६६ मध्ये मूळ बरहुकूम आवृत्ती काढता आली. कागद जपला नसता तर गोडसे भटजींनी प्रत्यक्षात काय लिहिले होते, हे आपल्याला कळलेच नसते.

आज हा विषय महत्त्वाचा का?

नवी मुंबईच्या पाण्यासाठी पेण तालुक्यात हाती घेतलेल्या बाळगंगा धरण प्रकल्पाच्या बाधित गावांत वरसईचाही समावेश आहे. पुनर्वसनाचा प्रश्न अनेक वर्षे रेंगाळला आहे. घराचा आणि जमिनीचा मोबदला ठरवता येतो. पण घर हलवताना माळ्यावरची पेटी कुठे जाते, याची नोंद कुणी ठेवत नाही. पनवेल परिसरात जुनी घरे पाडून इमारती उभ्या राहतात, तेव्हाही हेच होते.

तुम्ही काय करू शकता?

घरात जुने कागद सापडले तर ते रद्दीत देऊ नका. लॅमिनेशन करू नका, त्याने कागद कायमचा खराब होतो. चिकटपट्टीही लावू नका. कागद ज्या क्रमाने सापडले तोच क्रम ठेवा. दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढा आणि ते कुठे, कोणाच्या घरी, कधी सापडले हे लिहून ठेवा. फोटोंची एक प्रत फोनबाहेरही ठेवा. मोडी येत नसेल तर जाणकाराला किंवा इतिहास संशोधन संस्थेला दाखवा. मूळ कागद देण्याची घाई नको, आधी फोटो दाखवले तरी चालते.

कागद साध्या हिशेबाचा निघाला तरी निराश होऊ नका. गावात कोणते पीक होते, कोण कुठून आले, कोणाकडे कसला हक्क होता, हे बहुतेक वेळा अशाच कागदांतून कळते.