जॉन पोस्टेल

जोनाथन ब्रूस पोस्टेल (६ ऑगस्ट, १९४३ – १६ ऑक्टोबर, १९९८) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. इंटरनेटच्या उभारणीतील अग्रणींमध्ये त्यांची गणना होते. इंटरनेटवर वापरल्या जाणाऱ्या क्रमांकांची आणि पुढे डोमेन नावांची नोंदवही त्यांनी सुमारे पाव शतक सांभाळली. इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या ‘आरएफसी’ या मालिकेचे ते २८ वर्षे संपादक होते. लहानशा कार्यालयातील चार संगणक एकमेकांना जोडणारा तंत्रज्ञ आजही जे नियम आणि जे क्रमांक वापरतो, त्यांतील अनेक पोस्टेल यांच्या हातून निश्चित झालेले आहेत.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

पोस्टेल यांचा जन्म कॅलिफोर्निया राज्यातील आल्टाडिना येथे झाला. लॉस एंजेलसमधील व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. इंटरनेटचे आणखी दोन शिल्पकार, विंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर, हेही याच शाळेचे विद्यार्थी होते. पोस्टेल यांनी लॉस एंजेलस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी, १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९७४ मध्ये संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली.

विद्यार्थिदशेतच ते प्रा. लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्याचे पहिले केंद्र येथेच होते. २९ ऑक्टोबर, १९६९ रोजी येथून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकाकडे या जाळ्यावरील पहिला संदेश गेला. काही ठिकाणी काम केल्यानंतर १९७७ मध्ये पोस्टेल दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मरीना डेल रे येथील माहितीविज्ञान संस्थेत रुजू झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

आरएफसी मालिका

अर्पानेटचे नियम ठरवणारे तरुण संशोधक आपले विचार टिपणांच्या रूपाने एकमेकांकडे पाठवत. पहिले टिपण क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये लिहिले. आपण अंतिम निर्णय देत नसून इतरांची मते मागवत आहोत, हे कळावे म्हणून या टिपणांना ‘अभिप्रायाची विनंती’ अशा अर्थाचे नाव देण्यात आले. आरएफसी हे त्याचेच लघुरूप. पोस्टेल यांनी लवकरच या मालिकेचे संपादन हाती घेतले. प्रत्येक दस्तऐवज वाचणे, त्यातील संदिग्धता काढून टाकणे, त्याला क्रमांक देणे आणि तो सर्वांना विनामूल्य उपलब्ध करणे हे काम त्यांनी अखंडपणे केले. त्यांच्या मृत्यूपर्यंत मालिकेतील क्रमांक चोवीसशेच्या पुढे गेले होते.

प्रोटोकॉलविषयक कार्य

आरंभी टीसीपी हा एकच प्रोटोकॉल माहितीचे तुकडे योग्य पत्त्यावर पोहोचवणे आणि ते सर्व नीट मिळाल्याची खात्री करणे अशी दोन्ही कामे करत असे. ही कामे वेगळ्या स्तरांवर असावीत, असा आग्रह पोस्टेल यांनी १९७७ मध्ये एका टिपणात धरला. हे विभाजन पुढे स्वीकारले गेले आणि टीसीपी व आयपी असे दोन प्रोटोकॉल अस्तित्वात आले. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रमाण दस्तऐवजांचे संपादन पोस्टेल यांनीच केले. यूडीपी (१९८०), आयसीएमपी (१९८१) आणि ई-मेल पाठवण्यासाठीचा एसएमटीपी (१९८२) या प्रोटोकॉलांचे दस्तऐवजही त्यांच्या नावावर आहेत. जाळ्यातील दुसरा संगणक प्रतिसाद देतो की नाही हे पाहण्यासाठी लिनक्सवर वापरली जाणारी ‘पिंग’ ही आज्ञा आयसीएमपीवर आधारलेली आहे.

आपण पाठवलेली माहिती नियमाला काटेकोरपणे धरून असावी, मात्र दुसऱ्याकडून आलेल्या माहितीतील किरकोळ दोष उदारपणे चालवून घ्यावेत, हे त्यांनी मांडलेले तत्त्व पोस्टेल यांच्या नावाने ओळखले जाते. निरनिराळ्या बनावटीचे संगणक एकमेकांशी जोडले जाण्यास या तत्त्वामुळे मोठी मदत झाली. अतिउदारपणामुळे सदोष प्रणाली रूढ होतात आणि सुरक्षेला बाधा येते, अशी टीकाही त्यावर पुढे झाली.

क्रमांकांची नोंदवही

कोणता क्रमांक कोणत्या सेवेसाठी वापरायचा, हे आधी ठरलेले असल्याशिवाय दोन अनोळखी संगणक एकमेकांशी बोलू शकत नाहीत. हे क्रमांक एकाच व्यक्तीने वाटून द्यावेत आणि ते काम आपण करू, असा प्रस्ताव पोस्टेल यांनी मे १९७२ मध्ये मांडला. या कामाला पुढे ‘आयाना’ असे नाव मिळाले. नावावरून मोठी संस्था वाटली, तरी प्रत्यक्षात पोस्टेल, त्यांच्या सहकारी जॉइस रेनॉल्ड्स आणि मोजके कर्मचारी एवढाच तिचा व्याप होता.

लिनक्स संगणकावरील ‘इटीसी’ या निर्देशिकेत ‘सर्व्हिसेस’ नावाची एक फाइल असते. ई-मेलसाठी २५, डोमेन नावांसाठी ५३ असे त्यातील क्रमांक याच नोंदवहीतून आलेले आहेत. दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे काम करण्यासाठी प्रशासक वापरतात त्या ‘एसएसएच’चा क्रमांक २२ हाही येथूनच मिळाला. फिनलंडमधील टाटू इलोनेन यांनी जुलै १९९५ मध्ये त्याची मागणी केली आणि दुसऱ्याच दिवशी रेनॉल्ड्स यांनी तो दिल्याचे कळवले. त्यासाठी कोणतेही शुल्क नव्हते. घर किंवा कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यात दिसणारे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्तेही आयानाने खाजगी वापरासाठी राखून ठेवलेल्या गटांपैकी आहेत. ते इंटरनेटवर थेट वापरले जात नसल्याने कोणत्याही कार्यालयाला परवानगीवाचून वापरता येतात.

डोमेन नावे

जाळे वाढल्यावर सर्व संगणकांच्या नावांची एकच यादी ठेवणे अशक्य झाले. त्यावर उपाय शोधण्याचे काम पोस्टेल यांनी आपले सहकारी पॉल मोकापेट्रिस यांच्यावर सोपवले आणि त्यातून १९८३ मध्ये डोमेन नाम प्रणालीची रचना पुढे आली. प्रत्येक देशासाठी दोन अक्षरी संकेत देताना देश कोणाला म्हणावे, हा नाजूक प्रश्न होता. पोस्टेल यांनी तो निर्णय स्वतःकडे न घेता आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची तयार यादी स्वीकारली. देशाचा संकेत सांभाळणारी संस्था ही त्याची मालक नसून विश्वस्त आहे, ही भूमिका त्यांनी १९९४ च्या दस्तऐवजात स्पष्ट केली. भारताचा ‘.इन’ हा संकेत १९८९ मध्ये नोंदवला गेला. त्याखालील नोंदणीचे काम आरंभीच्या काळात मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होते.

१९९८ मधील वाद

१९९५ पासून ‘.कॉम’सारख्या नावांसाठी शुल्क आकारले जाऊ लागले. नोंदणी करणारी नेटवर्क सोल्यूशन्स ही कंपनी अमेरिकन शासनाच्या करारानुसार काम करत होती. नावांना आर्थिक मूल्य आल्याने नोंदवहीवर अधिकार कोणाचा, हा प्रश्न तीव्र झाला. पोस्टेल यांचा अधिकार मुख्यतः तंत्रज्ञांच्या विश्वासावर उभा होता.

२८ जानेवारी, १९९८ रोजी पोस्टेल यांनी रूट सर्व्हर चालवणाऱ्या आठ व्यवस्थापकांना ई-मेल पाठवून, मूळ माहिती कंपनीच्या सर्व्हरऐवजी आयानाच्या संगणकावरून घेण्यास सांगितले. त्यांनी ते मान्य केले. माहिती तीच असल्यामुळे सामान्य वापरकर्त्यांना फरक जाणवला नाही. मात्र एका व्यक्तीच्या शब्दावर जगाचे जाळे वळू शकते, हे या घटनेने उघड झाले. शासनाने तीव्र आक्षेप घेतल्यावर पूर्वीची व्यवस्था परत आणण्यात आली. ही केवळ चाचणी होती, अशी भूमिका पोस्टेल यांनी घेतली.

ही जबाबदारी व्यक्तीवर न राहता संस्थेकडे जावी, यासाठी पोस्टेल स्वतःही प्रयत्नशील होते. त्या प्रयत्नांतून ‘आयकॅन’ ही ना-नफा संस्था ३० सप्टेंबर, १९९८ रोजी नोंदली गेली.

मृत्यू व वारसा

आयकॅनच्या स्थापनेनंतर अवघ्या सोळा दिवसांनी, हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे, वयाच्या ५५ व्या वर्षी लॉस एंजेलस येथे पोस्टेल यांचे निधन झाले. लांब दाढी, पायांत सँडल आणि डोंगरांतील पायी भ्रमंतीची आवड यांसाठी ते सहकाऱ्यांत परिचित होते. विंट सर्फ यांनी लिहिलेला त्यांच्यावरील स्मृतिलेख आरएफसी मालिकेतच २४६८ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला.

इंटरनेट सोसायटीने त्यांच्या नावे सेवा पुरस्कार सुरू केला आणि १९९९ मध्ये तो प्रथम त्यांनाच मरणोत्तर दिला. २०१२ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. आयानाचे काम आता आयकॅनच्या छत्राखाली चालते. त्यावरील अमेरिकन शासनाचा करार २०१६ मध्ये संपुष्टात आला. एका विद्यार्थ्याने स्वेच्छेने उघडलेली नोंदवही अशा रीतीने कोणत्याही एका शासनाच्या कराराबाहेर आली.