1833 गावांवरून देशाचा हिशोब मांडणारा माणूस

सरकारी सर्वेक्षणाची बातमी आली की खाली एक कमेंट हमखास असते. आमच्या घरी तर कुणी विचारायला आलं नाही, मग हा आकडा आणला कुठून?

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांची हयात गेली.

29 जून 1893 ला कलकत्त्यात जन्म. शिकले फिजिक्स, तेही केंब्रिजला. 1915 ला भारतात परतायचं होतं, पण महायुद्धामुळं बोट लांबली. त्या रिकाम्या दिवसांत एका शिक्षकांनी त्यांना कॉलेजच्या लायब्ररीत बायोमेट्रिका नावाचं संख्याशास्त्राचं नियतकालिक दाखवलं. महालनोबिस यांनी त्याचे खंडच्या खंड विकत घेतले आणि बोटीवर वाचत बसले. 1931 ला त्यांनी इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट काढली.

खरी परीक्षा झाली ती तागाच्या शेतात. बंगालमध्ये ताग किती पेरलाय, हे सगळी शेतं न मोजता सांगायचं होतं. 1937 ला छोट्या भागापासून सुरुवात करून 1941 पर्यंत ते अख्ख्या प्रांतापर्यंत पोहोचले. 1943 च्या दुष्काळानंतर उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांची पाहणीही त्यांच्या संस्थेनं नमुना पद्धतीनंच केली.

मग 1950 ला राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झालं. साधारण 5 लाख 60 हजार गावांतून पहिल्या फेरीला 1833 गावं निवडली. यातल्या काही गावांचं काम पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटनं केलं. तेव्हा तिथं संचालक होते धनंजयराव गाडगीळ.

आता गंमत बघा. समजा, 300 गावांतून एक गाव निवडलं. गावात 200 घरं, त्यातल्या 10 घरांना विचारलं. म्हणजे एक घर गावातल्या 20 घरांच्या वतीनं बोलतं आणि ते गाव 300 गावांच्या वतीनं. त्या घराचं वजन झालं 6000. शहरात मात्र हजारातलं एक घर निवडलं असेल तर त्याचं वजन 1000. ही वजनं न लावता सरळ सरासरी काढली तर शहरी घराचा आवाज सहापट मोठा होतो आणि देश कागदावर उगाच श्रीमंत दिसतो. योजना त्याच कागदावर ठरतात.

पण विचारणाऱ्यानंच चूक केली तर? त्यासाठी महालनोबिस एकाच भागात दोन स्वतंत्र नमुने घेत, वेगवेगळ्या माणसांकडून. दोन उत्तरांत जेवढी तफावत, तेवढा आकडा कच्चा.

इथं त्यांना आव्हान दिलं ते साताऱ्याच्या बुध गावच्या पांडुरंग सुखात्मे यांनी. पीक कापणीसाठी महालनोबिस लहान वर्तुळ वापरत. सुखात्मे यांचं म्हणणं, लहान वर्तुळात कडेची रोपं जास्तीची आत धरली जातात आणि उत्पादन फुगतं. हा मुद्दा बिनतोड होता. दोन्ही गटांचं माप तेच असेल तर दोघंही सारखेच चुकणार, आणि वजनानं गुणल्यावर ती चूक देशभर पसरणार. वाद बरीच वर्षं चालला.

28 जून 1972 ला, 79 व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, महालनोबिस गेले.

2022-23 च्या घरखर्चाच्या सर्वेक्षणात 2,61,746 घरांना विचारलं गेलं. त्याच्या डेटामध्ये प्रत्येक घरासमोर मल्टिप्लायर म्हणून एक आकडा आहे. तुमच्या दारात न आलेली घंटा त्या आकड्यात मोजलेली असते.