बाळ लवकर जन्माला येऊ नये म्हणून डॉ. शिरोडकरांनी घातलेला टाका आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो

लोणावळ्याजवळचं औंढे गाव घ्या किंवा मावळातलं कुठलंही. घरात पहिलटकरीण आहे, नववा महिना लागलाय आणि चर्चा एकच. कळा आपोआप येईपर्यंत थांबायचं की डॉक्टरांना सांगून आधीच कळा आणायच्या?

प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. कुणी म्हणतं पावसाचे दिवस आहेत, रात्री-अपरात्री कळा सुरू झाल्या आणि पुण्याला न्यायची वेळ आली तर साठ-पासष्ट किलोमीटर जायचं कसं? कुणाला मुहूर्त गाठायचा असतो. आजी म्हणते पिकल्याशिवाय फळ तोडू नये. आणि जिच्या पोटात बाळ आहे ती पाठदुखीने इतकी वैतागलेली असते की एकदाची सुटका झाली तर बरं, असं तिला वाटत असतं.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट मात्र राहून जाते. ती म्हणजे गर्भपिशवीचं तोंड. ते घट्ट बंद आहे की मऊ पडून उघडायला लागलंय, यावर पुढचं बरंच काही ठरतं. याच तोंडावर काम करून एका गोव्याच्या डॉक्टरने जगाच्या वैद्यकीय पुस्तकांत आपलं नाव नेऊन ठेवलं. त्यांचं नाव डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर.

शिरोडकरांचा जन्म २७ एप्रिल १८९९ चा. गाव गोव्यातलं शिरोडा. सिंधुदुर्गातही याच नावाचं गाव आहे, पण हे फोंडा तालुक्यातलं. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. शिरोडकरांचं सुरुवातीचं शिक्षण हुबळीला झालं आणि डॉक्टर व्हायला ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आले. १९२३ साली डॉक्टर झाले, १९२७ ला प्रसूती आणि स्त्रीरोग या विषयात एमडी केलं. मग इंग्लंड गाठलं आणि १९३१ ला एफआरसीएस होऊन परत आले. पुढे ग्रँट मेडिकललाच ते प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

आता मूळ विषयावर येऊ.

त्या काळात काही बायकांच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट घडायची. दिवस राहायचे, पहिले तीन महिने व्यवस्थित जायचे, बाळाची वाढही चांगली असायची. आणि मग चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान, फारशा कळा न येताच, पिशवीचं तोंड उघडायचं आणि बाळ बाहेर पडायचं. एवढ्या लवकर आलेलं बाळ वाचवण्याची साधनं तेव्हा नव्हती. एकदा नाही, त्याच बाईच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा व्हायचं. डॉक्टर झोपून राहायला सांगायचे, हार्मोनची औषधं द्यायचे. तरी फरक पडायचा नाही. घरात बोलणी कुणाला बसायची हे वेगळं सांगायला नको. हिच्या पोटात मूल टिकत नाही, असा शिक्का बसायचा.

शिरोडकरांच्या लक्षात आलं की यातल्या कित्येक बायकांचं बाळही ठीक आहे आणि पिशवीही ठीक आहे. कमजोर आहे ते फक्त तोंड. बाळाचं वजन वाढलं की ते तोंड भार पेलू शकत नाही आणि वेळेआधी उघडतं. म्हणजे हा नशिबाचा खेळ नव्हता. दोष एका ठरावीक जागी होता, आणि तिथे आधार देता येणार होता.

मग त्यांनी त्याच बाईच्या मांडीतून स्नायूवरच्या चिवट आवरणाची एक बारीक पट्टी काढली. योनिमार्गातून शस्त्रक्रिया करून, मूत्राशय थोडं वर सरकवून, पिशवीच्या तोंडाभोवती शक्य तितक्या वरच्या बाजूला ती पट्टी गुंडाळली आणि बांधली. नाडीने पिशवीचं तोंड आवळावं तसं. पट्टी तिच्याच शरीरातली असल्याने शरीर ती नाकारण्याची भीती कमी होती. पुढे मांडीतल्या पट्टीच्या जागी कृत्रिम धाग्याची फीत आली.

हा शोधनिबंध छापून आला १९५५ साली, आणि तोही लंडन-न्यूयॉर्कच्या मासिकात नाही, तर मद्रासहून निघणाऱ्या 'द अँटिसेप्टिक' या वैद्यकीय मासिकात. तरीही शस्त्रक्रिया जगभर गेली. दोनच वर्षांनी, १९५७ ला, ऑस्ट्रेलियाच्या इयान मॅकडोनाल्ड यांनी याच कामासाठी घालायला आणि काढायला सोपा असा टाका मांडला. आजही डॉक्टर या दोन पद्धतींची नावं जोडीने घेतात, शिरोडकर आणि मॅकडोनाल्ड.

आता गंमत बघा. ज्या १९५५ मध्ये बाळाला आत थांबवणारा टाका छापून आला, त्याच वर्षी रसायनशास्त्राचं नोबेल अमेरिकेच्या व्हिन्सेंट दु व्हिन्यो यांना मिळालं. त्यांच्या कामातला एक मोठा भाग होता ऑक्सिटोसिन हे हार्मोन प्रयोगशाळेत तयार करणं. ऑक्सिटोसिन म्हणजे आपल्याकडे ज्याला कळांचं सलाईन म्हणतात, त्यातलं औषध.

म्हणजे एकाच सुमारास डॉक्टरांच्या हातात दोन्ही बाजू आल्या. बाळाला थांबवता येऊ लागलं आणि कळा आणणंही जास्त हुकमी झालं. प्रश्न उरला तो एवढाच, की कुणाला थांबवायचं आणि कुणाला बाहेर आणायचं?

टाक्याच्या बाबतीत याचं उत्तर मिळायला वेळ लागला. नाव झाल्यावर टाका गरज नसलेल्या बायकांनाही घातला जाऊ लागला. शेवटी १९९३ मध्ये १२ देशांतल्या १,२९२ बायकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ज्यांची बाळं तीन किंवा अधिक वेळा अशी वेळेआधी गेली होती, त्यांना टाक्याचा फायदा स्पष्ट दिसला. बाकीच्यांचं चित्र तितकं स्पष्ट नव्हतं. उपाय चांगला होता, पण योग्य बाईसाठी.

कळा आणण्याचंही तसंच आहे.

टाका साधारण छत्तीस-सदतीस आठवड्यांच्या आसपास काढतात. तो काढला की लगेच बाळ येणार, असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याच जणींना त्यानंतरही एक-दोन आठवडे जातात. सदतीस आठवडे झाले म्हणजे बाळ तयार झालं, असंही नाही. शेवटच्या आठवड्यांत फुप्फुसं आणि मेंदू यांची वाढ चालूच असते. सदतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळांना श्वासाचा त्रास, कावीळ, अंगावर पिताना अडचण, हे एकोणचाळीस आठवड्यांच्या बाळांपेक्षा जास्त होतं. म्हणून वैद्यकीय कारण नसेल तर एकोणचाळीस आठवड्यांच्या आधी कळा आणत नाहीत.

आईचं बीपी वाढलेलं असेल, शुगर असेल, पाणी गेलं असेल, बाळाची वाढ खुंटली असेल, तर मात्र थांबणंच धोक्याचं ठरू शकतं. तिथे कॅलेंडर बघत बसायचं नसतं.

आणि पुन्हा तेच, पिशवीचं तोंड. १९६४ मध्ये अमेरिकेच्या एडवर्ड बिशप यांनी त्यासाठी गुण द्यायची पद्धत काढली. तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, मऊ आहे की कडक, कुठल्या दिशेला आहे आणि बाळाचं डोकं किती खाली आलंय, यावर गुण. गुण कमी असतील तर आधी गोळी, जेल किंवा फुगा ठेवून तोंड मऊ करावं लागतं, आणि पहिलटकरणीला त्यात एक-दोन दिवसही जाऊ शकतात.

मग कळा आणल्या की सिझर होतंच का? तसंही नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत ६,१०६ पहिलटकरणींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुठलीही गुंतागुंत नसलेल्या या बायकांपैकी ज्यांना एकोणचाळिसाव्या आठवड्यात कळा आणल्या, त्यांच्यात सिझरचं प्रमाण १८.६ टक्के होतं. ज्या थांबल्या, त्यांच्यात २२.२ टक्के. पण यात दिवसांची खात्री पक्की होती आणि देखरेख पूर्ण होती, हे विसरून चालणार नाही.

त्यामुळे औंढ्यातल्या त्या घराने डॉक्टरांना विचारायचे प्रश्न सोपे आहेत. सुरुवातीच्या सोनोग्राफीप्रमाणे नक्की किती आठवडे झालेत? कळा आणायचं कारण काय? तोंड किती तयार आहे? आणि चार दिवस थांबलो तर धोका कुणाला? लांबचा रस्ता हेही खरं कारण आहे, ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावं. मुहूर्त मात्र यात बसत नाही.

शिरोडकर एका टाक्यावर थांबले नाहीत. तरुण वयात अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या बायकांची पिशवी काढून न टाकता तिला पट्टीचा आधार देऊन जागेवर धरायची शस्त्रक्रिया त्यांनी बसवली. बंद झालेल्या गर्भनलिका उघडण्याच्या शस्त्रक्रियांवरही काम केलं. १९६० मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं. १९७१ ला पद्मविभूषण जाहीर झालं आणि त्याच वर्षी त्यांचं निधन झालं.

आज बऱ्याच ठिकाणी मॅकडोनाल्डचा सोपा टाका जास्त घातला जातो. पण तोंड फारच आखूड असलं किंवा आधीचा टाका टिकला नसला, तर डॉक्टर अजूनही वरच्या बाजूला जातात आणि केसपेपरवर लिहितात, शिरोडकर.