झाडांचा चित्रकार

मुलांनो, तुम्ही वहीत झाडाचे चित्र काढलेच असेल. सरळ खोड, वर हिरवा ढग, की झाले झाड! थिओडोर रूसो यांना मात्र झाडांचे एखादे चित्र पुरे करायला वर्षे लागत. (थोर विचारवंत रूसो ते हे नव्हेत.)

त्यांचा जन्म १८१२ साली फ्रान्समधील पॅरिस शहरात झाला. वडील शिंपीकाम करत. पॅरिसमध्ये तेव्हा सरकारी चित्रप्रदर्शन भरत असे. तेथे चित्र लागले, तरच चित्रकाराला नाव आणि गिऱ्हाईक मिळे. परीक्षकांना राजे, देवता, लढाया आवडत. नुसत्या झाडांत काय पाहायचे? १८३६ पासून ते रूसोंची चित्रे वरचेवर नाकारू लागले. शेवटी रूसोंनी चित्रे पाठवणेच काही वर्षे सोडले.

पॅरिसच्या दक्षिणेला फाँतेनब्लोचे मोठे अरण्य आहे. त्याच्या कडेला बार्बिझाँ हे खेडे. रूसो तेथे राहू लागले. अरण्यातल्या जुन्या ओक वृक्षांवर त्यांचा फार जीव.

पण या अरण्यातही कुऱ्हाड चालत होती. जुनी झाडे तोडून सरकार तेथे पाइनची झाडे लावत होते. १८४७ मध्ये रूसोंनी वृक्षतोडीचे एक चित्र काढले. हेरोद राजाने लहान मुलांना मारवले, अशी कथा बायबलात आहे. तिच्यावरून त्यांनी चित्राला नाव दिले, 'निरपराध बालकांची कत्तल'. ही बालके म्हणजे झाडे!

१८५२ मध्ये त्यांनी अरण्य वाचवण्यासाठी सरकारकडे अर्ज केला. चित्रकाराचा अर्ज कोण वाचतो, असे तुम्हांला वाटेल. पण पुढच्याच वर्षी सुमारे ६२४ हेक्टर अरण्य तोडीतून वगळले गेले. १८६१ मध्ये हुकूम निघाला आणि हा भाग हजार हेक्टरांच्या वर गेला. अमेरिकेचे प्रसिद्ध यलोस्टोन उद्यान त्यानंतर अकरा वर्षांनी झाले.

रूसोंचे शेजारी मिले हेही चित्रकार. घरात मुले पुष्कळ, पैसा थोडा. मिलेंनी झाडावर कलम बांधणाऱ्या शेतकऱ्याचे चित्र काढले होते. १८५५ मध्ये रूसोंनी ते स्वतःच विकत घेतले. पण एका अमेरिकन माणसाने घेतले, असे सांगितले. उपकाराचे ओझे मित्राला वाटू नये ना! खरी गोष्ट मिलेंना मागाहून कळली.

१८६७ साली रूसो बार्बिझाँला वारले. १८७५ मध्ये मिलेही गेले. त्यांना रूसोंच्या शेजारीच पुरले. अरण्यातील एका मोठ्या खडकावर आज या दोन मित्रांचे चेहरे शेजारी शेजारी बसवलेले दिसतात.